खर्जातली खोट

हे प्रकरण लिहायला बसण्याआधी मी माळ्यावरून तीन वस्तू काढून पुसून ठेवल्या: अप्पांची पत्र्याची पेटी, एका कानाची गादी झिजलेला हेडफोन आणि माझी शंभर पानी वही. वहीच्या पहिल्या पानावर माझ्या शाळकरी अक्षरात 'घरातल्या नोंदी' असं लिहिलंय आणि खाली दोनदा रेघ ओढली आहे. याद्या करायची सवय मला तेव्हापासूनची. आज भाईंदरजवळच्या बेव्हर्ली पार्कातल्या माझ्या घरी फ्रिजवर एका वेळी चार याद्या असतात आणि नवरा अधूनमधून विचारतो, "यातल्या कुठल्या यादीत मी आहे ते तरी सांग." पण याद्यांचा माणसांना खरोखर उपयोग होतो, हे मला त्या वहीने शिकवलं. त्याची किंमत माझ्या ताईने मोजली, म्हणून ही गोष्ट मी इतकी वर्षं लिहायची टाळत आले.

आम्ही तेव्हा भाईंदर पूर्वेला दोन खोल्यांत राहायचो. मुंबईतली चाळीतली एक खोली सोडून अप्पांनी ही जागा घेतली, कारण इथे खिडकी उघडली की समोर भिंत नव्हती, मिठागर होतं. आता त्याच अंगाला इंद्रलोकच्या इमारती उभ्या आहेत. तेव्हा तिथे मिठाचे पांढरे ढीग असत आणि वारा फिरला की वाळत घातलेल्या कपड्यांनाही खारट वास येई. घरातले आवाज मला अजून क्रमाने आठवतात. सकाळी आईचा स्टोव्ह, मग पितळी पातेल्यावर आपटणारा डाव, मग वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेनचा पाटा. दुपारी मिठाचे ट्रक. आणि संध्याकाळी जिन्यात अप्पांचा आवाज. अप्पा मुंबईतल्या एका वर्कशॉपमध्ये मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचे. माणूस बारीक, आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. गणपतीत ते आरती म्हणायला लागले की समोरच्या तांब्यातल्या पाण्यावर वलयं उठतात, असं आई म्हणायची. तिची ही अतिशयोक्ती अप्पांना आवडायची. ते कमी बोलत, हळू बोलत आणि एकदाच बोलत. सांगितलेलं पुन्हा सांगावं लागलं की त्यांना तो अपमान वाटे. आणि जे बोलत ते मिशीतून बोलत. ती मिशी दाट होती, वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्यावर टेकायची. चहा पिताना ती बशीत भिजायची आणि प्रत्येक घोटानंतर ते तर्जनीने ती दोन्ही बाजूंना सारायचे.

माझी ताई सुलू माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. हुशार होती. कोणी बोलायला लागलं की हातातलं काम टाकून त्या माणसाकडे तोंड करून उभी राही. बायकांना हे फार आवडायचं. "तुमची सुलू किती मन लावून ऐकते," असं सगळ्या म्हणायच्या. एकट्या अप्पांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, "माझं सोडून सगळ्यांचं ऐकते." आणि ते खरंही होतं. अप्पांनी पेपरातून मान न काढता "सुलू, पाणी" म्हटलं की ताई तशीच बसून राही. मग आई ओरडे, "अगं, अप्पा पाणी मागतायत!" आणि ताई धडपडत उठे. हे रोज दोनदा तरी व्हायचं. त्यात कोणाला काही विशेष दिसत नव्हतं. मोठी होत चाललेली मुलगी, कडक बाप. अशी घरं आमच्या जिन्यात आणखी तीन होती.

एका शनिवारी ते दोघं बाजारातून परत येत होते. ताई पिशवी घेऊन पुढे, अप्पा दहा पावलं मागे. मिठाचा ट्रक मागून आला. अप्पांनी "सुलू, बाजूला हो" अशी हाक मारली, मग आणखी मोठ्याने मारली. रस्त्यावरचे सगळे वळून बघायला लागले, ताई मात्र सरळ चालत राहिली. ट्रक तिला घासून गेला. पिशवी फाटली, टोमॅटो चाकाखाली गेले, ताईच्या कोपराची सालं निघाली. अप्पा धावत पोचले आणि तिथेच, भर रस्त्यात, त्यांनी तिच्या तोंडात मारली. अप्पांनी आमच्यावर त्याआधी कधी हात उगारला नव्हता. हे सगळं मला दाराशी आलेल्या हिरामावशीने सांगितलं. ती भाईंदर पश्चिमेकडच्या डोंगरी गावची मासेवाली. सकाळच्या बसने यायची आणि टोपली डोक्यावर घेऊन रूळ ओलांडून आमच्या बाजूला यायची. घरी आल्यावर ताई एवढंच म्हणाली, "मला ऐकू नाही आलं." अप्पा म्हणाले, "अख्ख्या बाजाराला ऐकू आलं."

पण अप्पा अन्यायी माणूस नव्हते. हे मी मुलगी म्हणून लिहीत नाही, वहीत पुरावा आहे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठरवलं की ताईच्या कानांची तपासणी करायची, आणि ती स्वतःच्या हाताने करायची. त्यांच्याकडे त्यांनीच बनवलेली ही पत्र्याची पेटी होती. त्यातून हेडफोनमध्ये एक शुद्ध, गोल सूर यायचा. एका बटणाने तो खर्जापासून तारसप्तकापर्यंत नेता येई, दुसऱ्याने लहानमोठा करता येई. अप्पा तिला ऑसिलेटर म्हणत. आतमध्ये एक लहानसा बल्ब होता आणि लहानपणी मला त्याचं फार कौतुक वाटे, कारण तो उजेडासाठी नव्हता. अप्पांनी मला समजावलं होतं, "हा राखणदार. सूर मोठा व्हायला लागला की याची तार तापते, तापली की अडवते. सूर बारीक झाला की गार होते आणि वाट सोडते. म्हणून आवाज एका पातळीवर राहतो." झाकण काढून पाहिलं की तो जेमतेम लाल दिसायचा, विझत आलेल्या उदबत्तीसारखा.

रविवारी दुपारी ताईला खिडकीकडे तोंड करून बसवलं. अप्पा बटण फिरवायचे, ऐकू आलं की तिने हात वर करायचा, आणि कितव्या खुणेला हात वर झाला ते मी वहीत लिहायचं. ताईनंतर माझीही तपासणी केली, ताळा म्हणून. ते पान आत्ता माझ्यासमोर आहे. वरच्या सुरांना दोघींचे आकडे सारखेच. खालच्या तीन सुरांना मात्र माझे दोन, दोन, तीन आणि ताईचे सहा, सहा, पाच. मी ते बोट ठेवून दाखवलं. अप्पा म्हणाले, "रस्त्याच्या आवाजाने तेवढा फरक पडतो. महत्त्वाचं काय, ऐकू येतंय." मग त्यांनी हेडफोन गुंडाळला आणि ताईसमोर उभे राहून, नेहमीपेक्षाही हळू, म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. म्हणजे ऐकू येऊन तू थांबली नाहीस. बापाच्या हाकेला थांबायचं नाही एवढा हट्ट असेल, तर जीव जाईल एक दिवस. पुढच्या वर्षी कॉलेज नाही. घरात बस."

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मिशीकडे. तिला शेवटचे दोन शब्द तरी कळले की नाही, मला ठाऊक नाही. आईने ते पुन्हा सांगितले तेव्हा ती रडली.

पुढचे दोन महिने घरात जेवणाचा आवाज तेवढा राहिला. दुसऱ्या वर्षाचा प्रवेशअर्ज अप्पांच्या कपाटात कोराच पडून होता. त्यावर वडिलांची सही लागायची आणि तो पुढचं वर्ष सुरू व्हायच्या आत भरायचा होता. अप्पा ताईशी बोलेनासे झाले. त्यामुळे तिला त्यांचं ऐकू न येण्याचा प्रश्नच उरला नाही. आई रविवारी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी करायची, ताईच्या ताटात तिला आवडणारे काटे काढलेले बोंबील वाढायची आणि कोणाकडेच न बघता म्हणायची, "खा गं, गार होतंय." आई अप्पांशी एकदाच भांडली, तेही माझ्यासमोर. "मशीन म्हणतं म्हणून?" ती म्हणाली. अप्पा म्हणाले, "मशीन कोणाची बाजू घेत नाही, म्हणून."

कोडं सुटायला सुरुवात झाली ती हिरामावशीमुळे. ती दारात टोपली उतरवून आईशी घासाघीस करत होती. ताई आत पाठमोरी कपडे घड्या करत होती. मावशीने नुसतं "सुलूबाय" म्हटलं तशी ताई लगेच बाहेर आली. मागोमाग शेजारचे मोरेकाका गॅलरीतून "सुलू, पेपर दे गं" म्हणाले, त्याला मात्र तिने मान वळवली नाही. काका पुढ्यात येऊन उभे राहिले तेव्हा दिला. मावशी बोंबील मोजता मोजता थांबली.

"वहिनी, तुमची पोर कानानं न्हाय ऐकत गो," ती म्हणाली. "डोल्यानं ऐकते. बघा तुम्ही. तोंड दिसला तर हाय, न्हाय दिसला तर न्हाय."

"माझं तर पाठमोरीसुद्धा ऐकते," आई म्हणाली.

"तुमचा आवाज बारीक. माजापन कसा, खाडीपलीकडं जातो. बापयांचं, पुरुष मानसांचं, न्हाय पोचत तिला." मग तिने टोपली डोक्यावर चढवली. "मी काय, आडानी बाई. तुमच्याकडं मशीन हाय."

मी त्याच दिवशी वहीत दोन रकाने आखले. पाठमोरी असताना ऐकते, पाठमोरी असताना ऐकत नाही. आठवडाभर मी गुपचूप नोंद केली. पहिल्या रकान्यात आई, हिरामावशी, मी, गुजराती बेन, सायकलची घंटा, चमचा पडल्याचा आवाज, चिमण्या. दुसऱ्यात अप्पा, मोरेकाका, दूधवाला भैया, मिठाचा ट्रक, लांबचं ढगांचं गडगडणं, मंदिरातला मोठा ढोल. रकाने इतके सरळ वेगळे झाले की मला भीतीच वाटली. इकडे सगळं बारीक, तिकडे सगळं जाड. पण मग पेटीतला जाड सूर तिला ऐकू कसा येत होता? आकडे मीच लिहिले होते. मी खोटं लिहिलं नव्हतं आणि ताईनेही उगाच हात वर केला नव्हता.

अप्पा कामावर गेलेले असताना मी पेटी काढली. हे करायची परवानगी नव्हती. मी सगळ्यात खालचा सूर लावला आणि ताईला म्हटलं, "जे ऐकू येतंय ते गाऊन दाखव." तिला आधी हसू आलं. मग तिने डोळे मिटले आणि गायली. मी तिच्या एका कानावरचा हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला. माझ्या कानात भुंगा होता, जाड, छातीत उतरणारा. ताई डासासारखं बारीक गुणगुणत होती. मी म्हटलं, "नीट ऐक ना." ती म्हणाली, "नीटच ऐकतेय. असंच आहे ते. तुला काय येतंय?" मी जमेल तेवढ्या खालच्या आवाजात "ऊंऽऽ" करून दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. अठरा वर्षांत तिला पहिल्यांदा कळत होतं की इतरांना आणखी काहीतरी ऐकू येतं.

त्या संध्याकाळी मी अप्पांसमोर वही ठेवली. मी क्रमाने सांगितलं. आधी रकाने, मग गाणं. ऐकताना अप्पांची बोटं मिशीवर थांबली.

"पेटीला हात कोणी लावायला सांगितला?"

"कोणी नाही."

"म्हणजे पेटी खोटं बोलते, असं तुझं म्हणणं."

"नाही. पेटी दोन सूर वाजवते असं वाटतं. एक आम्हाला ऐकू येतो आणि एक ताईला."

ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडलेही. "ही पेटी मी वर्कशॉपच्या यंत्रावर तपासलीय," ते म्हणाले, "आरशासारखी स्वच्छ आहे." मी विचारलं, "कुठल्या सुराला तपासली?" हा प्रश्न मी हुशारीने विचारला नव्हता. मला रकान्यात भरायला माहिती हवी होती. अप्पांनी वहीतलं तपासणीचं पान पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "मधल्या." वही मिटत, "सगळे मधल्यालाच तपासतात."

पुढच्या रविवारी ते वर्कशॉपमधून एक छोटा डबा घेऊन आले. त्या डब्याचं काम मी आजही कोणालाही दोन वाक्यांत सांगू शकते. सूर त्यातून गेला की डबा मूळ सूर तेवढा गिळून टाकतो. मागे जे उरतं ती सुरातली खोट. सूर अस्सल असेल तर मागे शांतता उरायला हवी. आईने कालवणाचं पातेलं उतरवून स्टोव्ह बंद केला, म्हणजे फरफर नको. अप्पांनी मधला सूर लावला, डब्याचा खटका दाबला. मी हेडफोन लावून बसले होते. सूर नाहीसा झाला, काहीच उरलं नाही. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला. मग त्यांनी खालचा सूर लावला आणि खटका दाबला. भुंगा गेला. आणि मागे राहिली ती बारीक, नाकातली, डासासारखी शीळ. ताईने गायलेली तीच. मी हेडफोन काढून अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. खटका वर, खाली, वर, खाली. त्यांनी किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मी मोजलं नाही असं त्या वर्षात हे एकच.

मग त्यांनी ताईला हाक मारली. म्हणजे आईला खूण केली आणि आईने हाक मारली. ताईला पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसवलं. आईने तिला सांगितलं, "काही बदललं की हात वर कर." अप्पांनी खालचा सूर लावला आणि खटका दाबला. आता तिच्या कानातून अख्खा खर्ज निघून गेला होता, मागे नुसती शीळ होती. ताईचे हात मांडीवर होते. अप्पांनी खटका उलटा केला, खर्ज परत आला. हात मांडीवरच. पुन्हा गेला, पुन्हा आला. खिडकीबाहेर दोरीवर अप्पांचा शर्ट वाळत होता, त्याच्याकडे बघत ती बसली होती. शेवटी ती कंटाळून मागे वळली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलली.

"बदला ना आता अप्पा. कधीचं एकच वाजतंय."

अप्पा उठून गॅलरीत गेले. आई त्यांच्यामागे जाऊ लागली, तशी त्यांनी पाठमोऱ्यानेच हात करून तिला थांबवलं. कालवण तसंच राहिलं. त्या दिवशी आम्ही चार वाजता जेवलो.

नंतरच्या आठवड्यात त्यांनी मला सगळं समजावलं. मला वाटतं, ते स्वतःलाच सांगत होते. "राखणदार चुकीचा नाही," ते म्हणाले, "घाई करतो. मधला सूर इतका भरभर हेलकावतो की तार एकेका हेलकाव्याकडे बघतच नाही, सरासरी धरून शांत राहते. पण खालचा सूर सावकाश. एक हेलकावा वर जाईपर्यंत ही तापते, खाली येईपर्यंत गार होते. म्हणजे प्रत्येक हेलकावा अर्ध्यात असतानाच ती त्याला सुधारायला जाते. आणि सुधारता सुधारता त्याचा आकारच मोडते." त्या मोडण्यातून ती शीळ निघत होती. मी विचारलं, मग बल्बच काढून टाकला तर? ते म्हणाले, "मग सूर फाटेल. राखणदार हवाच. फक्त संथ हवा."

त्यासाठी त्यांना कमी तापणारे बल्ब हवे होते, एकापुढे एक जोडायला, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच धग यावी आणि तारा सावकाश तापाव्यात. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आम्ही रोज जात होतो. दुकानदार बल्बांचा खोका पुढे सरकवत म्हणायचा, "साहब, इतने छोटे बल्ब? बेटी की शादी में लाइटिंग करनी है क्या?" अप्पा म्हणायचे, "नहीं, पढ़ाई करनी है उसको." हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धावत घरी जाऊन आईला सांगितलं. एका बल्बाचे दोन झाले, दोनाचे तीन. प्रत्येक वेळी डब्यातून उरलेली शीळ ऐकायची आणि मी लिहायचं: स्पष्ट, पुसट, अगदी पुसट. तीन बल्बांना नोंद आहे, 'नाही'. पण एक नवीन अडचण आली. बटण फिरवलं की सूर आता लगेच जागेवर येत नसे. फुगायचा, बसायचा, पुन्हा फुगायचा, मग हळूहळू स्थिर व्हायचा. मी म्हटलं, "हे बिघडलं." अप्पा म्हणाले, "नाही. हा याचा वेळ आहे. आपण थांबायचं."

त्या रविवारी ताई तिसऱ्यांदा खिडकीसमोर बसली. अप्पांनी खालचा सूर लावला, तो स्थिर होईपर्यंत ते थांबले, मग आवाज वाढवायला लागले. पाच. सहा. आठ. दहाव्या खुणेला हेडफोनमधला घुमारा मला बाहेरून ऐकू येत होता. ताई शांत बसली होती. बटण शेवटाला पोचलं. तिने न वळता विचारलं, "सुरू केलंत का?"

मी वहीत आकड्याच्या जागी आडवी रेघ मारली. ती रेघ जरा वाकडी आहे.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर त्यांच्या यंत्रावर तेच सांगितलं. बहुतेक जन्मापासून खालचे सूर नाहीत, वरचे उत्तम. म्हणून बोलायला शिकली, म्हणून शाळेत कोणाला कळलं नाही. उरलेलं ती ओठ पाहून भरून काढते, तेही नकळत. "पुरुषांचं बोलणं तिला ओठांवरून कळतं," बाई म्हणाल्या. अप्पांनी विचारलं, "सगळ्या पुरुषांचं?" बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सौम्यपणे म्हणाल्या, "ज्यांचे दिसतात त्यांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा मोरीतून बाहेर आले आणि आईच्या हातातली गाळणी खाली पडली. मिशी नव्हती. तिच्या जागी पांढरट, ओलसर, कधीच ऊन न लागलेली कातडी होती आणि खाली एक बारीक, काहीसा लाजरा ओठ. आमच्याकडे वडील जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. ती वडील गेल्यावर काढायची असते. आमचे आजोबा कोकणात, गावी, धडधाकट होते. आई कुजबुजली, "अहो, हे काय केलंत! मामंजी आहेत अजून! कोणी बघितलं तर काय समजेल?"

"समजू दे," अप्पा म्हणाले.

मग ते ताईसमोर जाऊन उजेडात उभे राहिले. कपाटातला अर्ज त्यांच्या हातात होता, सही केलेला. त्यांनी आवाज चढवला नाही. नेहमीसारखंच हळू, एकदाच म्हणाले, "सुलू, माझं चुकलं. आज जाऊन भरून ये." ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. एखादं पान पहिल्यांदा उघडावं तशी. मग म्हणाली, "हो अप्पा." आईला मध्ये पडावं लागलं नाही.

जिन्यातले लोक आठवडाभर येऊन गेले. मोरेकाका टोपी हातात धरून दारात उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कधी झालं? कळवलंसुद्धा नाहीत." गुजराती बेनने दूध पाठवलं. दुकानदाराने खोका मागे ठेवला आणि विचारलं, "पिताजी गए क्या, साहब?" अप्पा प्रत्येकाला सांगत, "कोणी गेलेलं नाही. वडील बरे आहेत." कारण मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. लोकांनी ते विक्षिप्त झाले असं ठरवलं आणि मग विसरून गेले. आजोबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी वर्षभर पत्र लिहिलं नाही. अप्पांनी तेही सोसलं आणि मिशी पुन्हा कधी ठेवली नाही.

ताई पुढे शिक्षिका झाली, यंदा निवृत्त होईल. रस्त्यात चालताना मी अजून तिच्या मागच्या बाजूला राहते, दोघींच्याही ते लक्षात येत नाही. आज पेटी लावून पाहिली. तीनही बल्ब लागतात. सूर स्थिर व्हायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.

आजोबा गेले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. दहाव्याला अप्पा वाडीच्या टोकाला आंब्याखाली पाटावर बसले होते, पुढे न्हावी. आम्ही बायका लांब, घराच्या पडवीत उभ्या होतो. न्हाव्याने डोकं केलं, दाढी केली, मग वस्तरा वरच्या ओठापाशी नेऊन थबकला आणि काहीतरी म्हणाला. अप्पांनीही काहीतरी उत्तर दिलं. अंतर इतकं होतं की मला एक शब्द ऐकू आला नाही, कोणालाच आला नसता. माझ्या शेजारी ताईने एकदम पदर तोंडाला लावला. संध्याकाळी मी तिला विचारलं, काय झालं होतं?

ती म्हणाली, "न्हावी म्हणाला, काढायला मिशीच नाही. अप्पा म्हणाले, ती पूर्वीच दिली."